पन्नास पोत्यांचा विसावा

उभ्या यवतमाळ जिल्ह्यात ट्रकला दमलेलं ओळखणारे एकच ड्रायव्हर होऊन गेले, ते म्हणजे आमच्या शाळेच्या शिपायाचे मामा. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच सुमाराला माझी बदली फुलसावंगीच्या शाळेत झाली. घर पुसदला. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्वारीची पन्नास पोती घेऊन पुसदच्या बाजाराला निघालेल्या ट्रकमध्ये मी मामांच्या शेजारी बसून घरी जायचो. मामा बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. मामांच्या मते धंदा तोच होता, फक्त जनावर बदललं होतं. ट्रकला ते ‘बळद’ म्हणत. त्यांच्या गोर बोलीत बळद म्हणजे बैल.

रेडिएटरमध्ये पाणी ओतण्याआधी मामा त्यातलं ओंजळभर स्वतः पिऊन बघत. एकदा एका विहिरीचं पाणी मचूळ लागलं, तर डबा तिथंच ओतून देऊन ते मैलभर चालत दुसऱ्या विहिरीवर गेले. मी म्हटलं, “मामा, इंजिनाला कुठं चव कळते?” तर म्हणाले, “मास्तर, त्याले बोलता येत नाई, म्हणून कळत बी नाई म्हंता काय?” एका पोळ्याला तर त्यांनी ट्रक धुऊन, बॉनेटवर झूल टाकून तो सरळ बैलांच्या रांगेत तोरणाखाली उभा केला. पाटलांचा पारा चढला. “अबे, याले शिंगं तरी हायेत काय?” मामांनी शांतपणे विचारलं, “पाटील, तुमची ज्वारी बाजारात कोन नेते?” पाटील बाजूला झाले आणि पाटलीणबाईंनी बॉनेटला कुंकू लावलं.

पण हे सगळं एकीकडे आणि अर्ध्या वाटेवरचा कडुलिंब एकीकडे. तिथं आलं की मामा ट्रक सावलीत उभा करत, मागचा फाळका पाडत आणि पन्नासच्या पन्नास पोती खाली उतरवत. लादलेल्या जनावराला बोजासकट उभं ठेवून आपण भाकर खायची नाही, हा त्यांच्या घराण्याचा कायदा. पोत्यांवर बसून आलेले दोन हमाल मदतीला उठले, तर मामा म्हणत, “तुमी झोपा. बळद माहा हाये.” मग भाकर, घटकाभर आराम, आणि पुन्हा पाठीवर एकेक पोतं घेऊन फळीवरून वर. शेवटची दहा पोती हमाल शरमेनं उचलू लागत. मी पोत्यांना हात लावायच्या लायकीचा नव्हतो, नुसता बघत बसायचो. पुसदला दिवेलागण होई.

ट्रकचे मालक पुसदचे एक शेठजी होते. इतरांचे ट्रक दोन तासांत येतात आणि आपलाच संध्याकाळी का, याचा छडा लावायला एका शनिवारी ते स्वतः आमच्याबरोबर बसले. कडुलिंबाखाली फाळका पडला तसे ते ओरडले, “खबरदार! एक पोतं उतरलं त चाबी ठेवायची अन् घरी जायचं!” मामांनी किल्ली काढली, दोन्ही हातांनी शेठजींच्या तळव्यावर ठेवली, आणि पहिलं पोतं उतरवलं.

“आता काहून उतरवून राह्यला? काढलं ना तुले!”

“माही नोकरी गेली शेठजी, त्याच्या पाठीवरचा बोजा कुठी गेला?”

शेठजी मटकन खाली उतरलेल्या एका पोत्यावर बसले. परत चढवायच्या वेळी मामांनी तेही पोतं मागितलं, तर बिचारे उठून दुसऱ्यावर बसले. काढून टाकलेला माणूस, ना पगार, ना हुकूम. आणि त्याने पन्नास पोती उतरवली, भाकर खाल्ली, पन्नास पोती चढवली. एवढा मोठा माणूस मी जवळून त्याआधी पाहिला नव्हता. फाळका लावून मामांनी रामराम केला आणि तांड्याची वाट धरली. आमच्यापैकी कुणालाच ट्रक चालवता येत नव्हता, हे तेव्हा शेठजींच्या ध्यानात आलं. मी मामांच्या मागे धावणार, तोच ते स्वतःच वळून आले आणि हात पुढे करून म्हणाले, “द्या चाबी. उचलला माल पोचवाच लागते.”

पुसदला माल उतरला. शेठजी विरघळले होते. म्हणाले, “सोमवारी ये बापा. फक्त ते उतरवणं सोड.” मामा जरा वेळ बॉनेटवर हात फिरवत राहिले. “मंग नाई जमत,” म्हणाले, आणि किल्ली दुसऱ्यांदा देऊन पायी निघून गेले. पुढे तांड्यावरच ते शेती करत राहिले. ट्रककडे पुन्हा फिरकले नाहीत, आणि तो रस्त्यानं जाताना दिसला की पाठ फिरवून उभे राहत, असं आमचा शिपाई सांगे.

नवा ड्रायव्हर तरतरीत होता. मी दोनच्या आत घरी पोचू लागलो. आई गरम जेवण वाढायची आणि सवयीनं विचारायची, “मग, आज काय झालं रे वाटेत?”

काहीच झालेलं नसायचं.