मामांच्या दृढ ऊती

वनस्पती उभ्या कशा राहतात याची काळजी या जगात दोघांनाच आहे. एक परमेश्वर आणि दुसरे माझ्या बायकोचे मामा. परमेश्वराचं निदान मधूनमधून दुसरीकडेही लक्ष असतं. मामांनी कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ते आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवू लागले. बायको अळूच्या देठांचे दोरे सोलायला बसली की ते तिचा हात धरतात, "हळू गं! या स्थूलकोन ऊती. देठ वाकतो पण मोडत नाही, तो यांच्या जिवावर." जून भेंडीचा चोथा ते टाकत नाहीत. ताटाच्या कडेला ओळीने मांडतात, "दृढ ऊती! झाड ताठ उभं राहतं ते यांच्यामुळे," असं समाधानाने म्हणतात आणि मगच पाणी पितात. पेरूतला रवाळपणाही त्याच ऊतींचा, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की मी पेरू खायचंच सोडून दिलंय.

तर या मामांनी नेरूळच्या आमच्या सोसायटीत स्वतःच्या हाताने लावलेला माड कलला, आणि तो तोडायला पालिकेकडे अर्ज करायचा ठराव रविवारच्या सभेपुढे आला. मामांची अन्नावरची वासनाच उडाली. चार दिवस ताटाच्या कडेला काही मांडलेलं दिसेना, तेव्हा मी खरोखर घाबरलो.

सभा माडाखालीच भरली. सेक्रेटरी म्हणाले, "मामा, रिस्पेक्ट आहे तुमचा, पण टेन्शन येतं ओ. उद्या कुणाच्या गाडीवर पडला तर?"

मामांनी पिशवीतून काथ्याचा दोर काढला, एक टोक माडाला बांधलं आणि दुसरं सेक्रेटरींच्या हातात दिलं. "ओढा! पडला तर तुमचा अर्ज वाचला. दोरात दृढ ऊती, खोडातही दृढ ऊती. बघू, आधी कोण दमतं!"

सगळी कमिटी दोराला लोंबकळली. झावळ्या सळसळल्या, पण माड जागचा हलला नाही आणि दोरही तुटला नाही. तुटला तो सेक्रेटरींच्या चपलेचा अंगठा, आणि अख्खी कमिटी एकमेकांच्या अंगावर बसली. या प्रयोगात शास्त्र किती होतं ते मला विचारू नका. सेक्रेटरींनी बसल्या जागेवरूनच पुकारा केला, "माड राहू दे म्हणणाऱ्यांनी हात वर करा!" आणि झाडून सगळे हात वर गेले. टाळ्यांच्या आवाजाने समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले.

सगळे पांगल्यावर मामा माडाला टेकून चष्मा पुसत उभे होते.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "इतकी वर्षं हाच धडा शिकवला. वर्गात हात वर व्हायचा, तो फक्त बाहेर जाऊ का विचारायला."

मीही माडाला टेकून त्यांच्या शेजारी उभा राहिलो.