उद्घाटनाची पत्रिका

नागरिकाचा संयम कधी वाया जात नाही, असं ओल्या सिमेंटचा वास आला की मला वाटतं, आणि वास जाईपर्यंत ते खरंही असतं. मंडी मोहल्ल्यात आमच्या दारासमोर गटारावरच्या फरशा फुटल्या आणि काठी टेकत चालणाऱ्या आईचं देवळात जाणं बंद झालं. नगरसेवकांनी कुदळीची पूजा करून नारळ फोडला, फोटो काढले. कुदळ मात्र जमिनीला लागली नाही. शेवटी आईने नव्या फुटपाथच्या उद्घाटनाची पत्रिका त्यांच्या नावाने छापून मोहल्लाभर वाटली. ते धावतच आले. "अय्यो अम्मा, काम कुठं झालंय?" "गुरुवारचा हार सांगितलाय सर, या हं." बुधवारी फरशा बसल्या. गुरुवारी त्यांनी फीत कापली, वाजंत्री वाजली आणि आई काठी उंचावून सगळ्यांच्या पुढे चालत गेली. तो फुटपाथ अजून शाबूत आहे. त्याची लांबी चार फरशा.