गोल आसनाची पायपिंग

बल्लारपूरच्या विहारात पावसाळ्यात वर्षावासाच्या मुक्कामाला भंतेजी यायचे होते, म्हणून महिला मंडळानं त्यांचं आसन नवं करायचं ठरवलं. भिक्खूला उंच, ऐसपैस आसन वर्ज्य, हे मंडळातल्या सगळ्यांना पाठ. तेव्हा आसन ठेंगणंच ठेवावं आणि उंचीची कसर शोभेनं भरून काढावी, असा तोडगा निघाला: गोल गादी, मरून रंगाची खोळ आणि कडेनं आत डोरी घातलेली पायपिंग.

कापड मंडळाच्या हर्षाबाईंनी बोधगयेहून आणलेलं. होतं ते तेवढंच, जास्तीचं नाही. शिवायचं काम नूतननं मागून घेतलं. घरात शिलाईचं नाव निघालं की सासूचं, ठमाबाईंचंच निघे; एक तरी काम आपल्या नावावर असावं, असं तिला वाटत होतं. ठमाबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, दुसऱ्याचं होऊन फारसा उपयोग झाला नव्हता. ‘माझ्या हातचा सदरा फाटत नाई, आतला माणूस आधी जाते,’ असं त्या सांगत. विनय हा मोठा गुण आहे, तो सुनांमध्ये असावा, असं त्यांचं मत होतं.

पायपिंगची पट्टी उरेब, म्हणजे तिरकस कापायची असते, हे नूतनला माहीत होतं. पण उरेब कापताना कापड वाया जातं, आणि दानाच्या कापडावर तिरकी कात्री चालवायला तिचा हात धजेना. तिनं सरळ पट्ट्या काढल्या. एक सूतही वाया गेलं नाही. फक्त पायपिंग गोलाला लागली तशी खोळीची कड वाळल्या मोहफुलासारखी सुरकुतली. उसवून पुन्हा लावली, पुन्हा तेच. दुपारी हर्षाबाई खोळ न्यायला येणार होत्या.

ठमाबाईंनी येऊन कडेवरून अंगठा फिरवला. “तोंड काऊन असं करून राह्यली?”

“कोणाचं? माझं का खोळीचं?”

“दोघींचं.”

नूतननं सगळं सांगितलं. ठमाबाई रागावल्या नाहीत, तेव्हा ती खरी घाबरली. त्यांनी फक्त कतरणी, म्हणजे कापून उरलेले तुकडे, मागितल्या. चौकोनातून गोल कापताना उरलेले कोपरे नूतननं, दानाचे म्हणून, टाकले नव्हते. त्या त्रिकोणांची लांब बाजू म्हणजे आयतं उरेब. ठमाबाईंनी बोटांनी माप घेत आखूड पट्ट्या कापल्या आणि तिरके जोड देत त्यांची एक लांब पट्टी केली. इतके जोड पाहून नूतन हबकली. भंतेजींना गोधडीवर बसवायचं, एवढंच आता बाकी होतं.

मग मशीन चालू झाली. ठमाबाईंची नजर छपराकडे. डाव्या अंगठ्याचं नख डोरीला लागून सरकत होतं आणि सुई त्या नखाला अगदी चाटून उतरत होती; दोघांपैकी एकानंही कधी चूक केली नाही. वळण आलं की कापड वळत होतं, जसं त्याच्या मनातच होतं. नूतन जवळ सरकली. सासूचे हात तिनं रोज पाहिले होते, पण बहुतेक काहीतरी सांगताना. शेवटी दोन्ही टोकं समोरासमोर आली, डोरी आतून छाटली गेली, कापड दुमडलं, आणि टोकं होती की नव्हती, अशी शंका यावी इतकी एकात एक मिसळली.

हर्षाबाई आल्या. ‘जय भीम’ झालं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं.

“जोड कुठी आहे?”

नूतन शोधू लागली. जोड तिच्या डोळ्यांदेखत पडले होते, एकही सापडेना. तिनं खोळ सासूकडे दिली. ठमाबाईंनी अंगठा पूर्ण गोल फिरवला, मग उलट्या बाजूनं फिरवला.

“नाई भेटत,” त्या म्हणाल्या आणि आपल्याच अंगठ्याकडे जरा संशयानं पाहिलं.

गप्प राहिली असती तर काम नूतनच्या नावावर लागलं असतं. “ताई, मी पट्टी सरळ कापून खराब केली होती,” ती म्हणाली. मग तिनं सासूकडे बोट दाखवलं. “हे आत्याबाईनं कतरणीतून केलं.”

“कतरणीतून?”

हर्षाबाई खोळ घेऊन दारातल्या उन्हात गेल्या. बराच वेळ बोट फिरत राहिलं. मग त्या आत आल्या आणि खोळ नूतनच्या हातात ठेवली.

“गादी तूच भर. अन् तुह्या आत्याबाईले हाताले धरून तूच ती विहारात घेऊन ये. मी नेली अन् लोकायनं कशी शिवली विचारलं, तर मले काई सांगता येणार नाई.”