झोपलेला बाप

चिमाबाईला शिकवता काही येत नव्हतं, आणि ते ती कुणालाही तोंडावर सांगायची. शिरपूरकडची बाई, नवऱ्यामागं सिल्वासाला आलेली. एक्क्याण्णव साली तिथल्या नरोलीच्या चाळीतल्या बायका फॅक्टरीत गेल्या की त्यांची पोरं हिच्या खोलीत. खोक्यांचे पुठ्ठे आणि कोळसा द्यायची. "घर काढा रे, भांडू नका." एवढीच तिची शाळा.

सगळी पोरं बापाला उभा काढायची, मिशीसकट. प्रमिलाची सहा वर्षांची दुर्गा मात्र रोज बापाला आडवा काढायची, डोळे मिटलेला. शेजारी आई, भाऊ आणि ती, तिघं हसत.

"माय व! जित्या बापाला तिरडीवर घातलं पोरीनं!" चाळीतल्या बायका ओरडल्या. अपशकुन म्हणून प्रमिलानं तिला एक ठेवून दिली.

चिमाबाईचा राग तर नाकाच्या शेंड्यावर. "बाप मेला का गं तुझा?"

"नाही. झोपलाय."

"मग उठव त्याला. उभा काढ."

दुर्गानं नवा पुठ्ठा घेतला. बाप काढला, पुठ्ठाभर. मग कोळसा खाली ठेवला.

"आई कुठंय? भाऊ? तू?"

"तो उठला ना," दुर्गा म्हणाली. एवढं कसं कळत नाही मोठ्या माणसाला!

चिमाबाईनं तिचा फ्रॉक मागून वर करून पाहिला. पाठीवर पट्ट्याचे वळ, जुन्यावर नवे.

संध्याकाळी बाप, गोकुळ, पोरांना न्यायला आला. चिमाबाई दार अडवून उभी.

"पोरं द्या."

"त्यांची आई येऊ दे."

"बारा तास मशीनवर उभा असतो मी, चिमाबाई. डोकं फिरतं माणसाचं."

"मग शेठवर फिरव की! तिथं शेपूट घालतोस, आणि इथं एवढ्याशा पोरीवर मर्दुमकी?"

माणूस राबत होता, खोटं नाही. पण दमलेल्या हाताला पट्टा जड कसा होत नाही?

चाळ गोळा झाली. तेवढ्यात डबा हातात घेऊन प्रमिला आली.

"सांग हिला," गोकुळ म्हणाला, "पोरं घरी घेऊन चल म्हणून."

प्रमिला हो म्हणाली असती, तर चिमाबाईला बाजूला व्हावंच लागलं असतं. परक्याची लेकरं, हिचा काय हक्क?

प्रमिलानं कुणाकडंच पाहिलं नाही. चपला बाहेर काढल्या आणि चिमाबाईच्या हाताखालून वाकून ती आत शिरली.

"आक्का," ती आतून म्हणाली, "दार लावून घ्या."