गार भात

किनुए तोगाशीच्या नवऱ्याला, शुझोला, साकाता शहरात सगळे हंसवाला म्हणत. पाणीपुरवठा खात्यात नोकरी करून हा माणूस तीस हिवाळे रोज पहाटे मोगामी नदीच्या मुखाशी जाऊन हंस मोजत होता. हंस रात्री नदीवर झोपतात आणि उजाडलं की शेतांत सांडलेला भात टिपायला उडून जातात. ते उडायच्या आत मोजायचे. धुकं असलं तर पुन्हा मोजायचे. शुझोचा आकडा पक्षीमंडळाच्या फळ्यावर लागायचा आणि एखाद्या साली वर्तमानपत्रातही यायचा.

घरी साडेसहाला ताटं मांडलेली असत. ती वेळ शुझोनंच ठरवलेली होती. पहिला घास त्याचा, त्याच्याआधी कुणी जेवायच्या काड्या उचलायच्या नाहीत, आणि एकदा वाटीत वाढलेला भात परत भांड्यात जायचा नाही. शेवटची शिस्त सासूची होती. सासू गेली, शिस्त राहिली. साडेसहाचे सात होत, सव्वासात होत. पोरगी मिसातो दप्तर पाठीला लावूनच बसे. मग हनुवटी टेबलावर टेकवी आणि तशीच डुलक्या घेई. शेवटी दार सरके आणि बूट काढायच्या आधी शुझो म्हणे, "चार हजार दोनशे अकरा." मिसातो दोन घास कोंबून शाळेला पळे. किनुए शाळांचं जेवण शिजवणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघरात कामाला होती. दिवसाला नऊशे पोरांना ती ऊन ऊन जेवण घाली, आणि स्वतः सकाळी गार भात गिळून निघे.

एकदा तिनं नुसतं विचारलं होतं, "मी किती वर्षांची झाले, सांगा बघू." शुझोनं वाटीतून मान वर केली, विचार केला, आणि दोन वर्षं चुकला.

तो गेला त्याला आता चार वर्षं झाली. अंत्यविधीला पक्षीमंडळाची माणसं ओळीनं रडली. किनुएला रडू आलं नाही, तेव्हा बायका म्हणाल्या, किती धीराची आहे.

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ती सार्वजनिक सभागृहाच्या वरच्या खोलीत हायकूमंडळात जाई. बारा वर्षं झाली होती. तिथली रीत अशी की कविता बिननावाच्या चिठ्ठ्यांवर द्यायच्या. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून दुसऱ्यानं त्या उतरवून काढायच्या, मग सगळ्यांनी निवडायच्या. निवडलेली कविता मोठ्यानं वाचली की क्षणभर शांतता होते आणि जिची असेल तिनं आपलं नाव घ्यायचं. नंतर मंडळाचे गुरू अबिको सेन्सेई लाल पेनानं दुरुस्ती सांगणार. दुरुस्ती पटो न पटो, डोकं खाली घालून म्हणायचं, "आभारी आहे. खूप शिकले." दुरुस्त झालेली कविताही तुमचीच राहते. किनुए बारा वर्षांत किती वेळा आभारी झाली होती कोण जाणे.

चित्रांचं वेड नंतरचं. नातवंडांचे फोटो बघायला म्हणून मिसातोनं सेंदाईहून टॅब्लेट पाठवला. त्यात चित्र काढायची सोय होती. पातळ काचेचे तुकडे एकावर एक ठेवावेत तसे त्यात थर असतात. वरचा थर झाकला, म्हणजे दिसेनासा केला, की खालचा दिसतो. करपलेल्या कढया घासलेल्या त्या हातांना ही गोष्ट फार आवडली. इथं काही पुसावं लागत नाही, नुसतं झाकता येतं. ती काठावरचे बोरू, बर्फ, नदी काढी आणि कोपऱ्यात आपल्या तीन ओळी लिही. कवितेत जे आहे ते चित्रात नको आणि चित्रात आहे ते कवितेत नको, एवढं सेन्सेईंचं तिला मनापासून पटलेलं होतं.

त्या वर्षी नगरपालिकेनं ठरवलं की नदीकाठच्या पक्षीनिरीक्षणाच्या खोलीत हंसवाल्याच्या आठवणीला एक फलक लावायचा. चित्र आणि कविता त्याच्या बायकोची. किनुए तीन आठवडे घराबाहेर पडली नाही. आधी तिनं टेबल काढलं. तीन वाट्या, आणि पाठमोरी मुलगी, हनुवटी टेकवलेली. मग ते झाकलं, कारण ते कवितेत येणार होतं. वरच्या थरावर तिनं पहाटेचा काठ काढला. गोठलेले बोरू, आणि पाण्याकडे गेलेली एकाच माणसाची पावलं, परतीची नाहीत. खाली लिहिलं:

हंस किती ते
दारातूनच सांगतो
गार भात

तीस वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तक्रार नव्हती त्यात, शिवी नव्हती. जे होतं ते होतं. एवढं एक तसंच राहावं, बाकी सगळं हवं तर बदला, असं तिला वाटलं.

गुरुवारी मंडळात कविता वाचली गेली. तिनं नाव घेतलं आणि चित्र दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अबिको सेन्सेई वाईट माणूस नव्हते. निवृत्त मुख्याध्यापक, आणि शुझोबरोबर दोन-तीनदा हंस मोजायलाही गेलेले. त्यांनी चष्मा पुसला.

"किनुए-सान, चित्रात बर्फ, ओळीत हंस, आणि वर भातही गार? वाचणारा गारठून मरेल." लोक हसले. "कुठेतरी ऊब पाहिजे. नवरा थंडीतून येतोय, बायको वाट बघतेय. एकच शब्द बदलू या."

त्यांनी 'गार'वर लाल रेघ मारली आणि बाजूला 'वाफाळता' लिहिलं. खोलीभर सुस्कारे सुटले. कुणीतरी रुमाल काढला.

किनुए म्हणाली, "पण तो गारच असायचा."

"घडतं ते वेगळं, कविता वेगळी," सेन्सेई मायेनं म्हणाले.

सगळे थांबले होते. तिनं डोकं खाली घातलं. "आभारी आहे. खूप शिकले."

खाली जिन्यात होशिना भेटली. चहाचं दुकान चालवणारी ही विधवा किनुएची शाळेतली मैत्रीण. ती चपला घालत म्हणाली, "नवरे मेल्यावर सुधारतात गं. माझा तर आता दारूसुद्धा पीत नाही."

पालिकेच्या माणसानं फोन करून चित्रात हंसही मागितले, पर्यटकांना हंस हवे असतात म्हणाला. किनुएनं कडेला दोन काढून दिले. हंसांचं तिला काही नव्हतं.

नोव्हेंबरात फलकावरचं कापड निघालं. नदीवर हंस आलेले होते, त्यांचा कलकलाट चालू होता. साठ-सत्तर माणसं, उपमहापौर, पक्षीमंडळ, घरून ऊन ऊन डांगरसूप घेऊन आलेल्या बायका. सेन्सेईंनी रीतीप्रमाणे कविता दोनदा वाचली, शेवटचा शब्द लांबवून. वाफाळता भात. मग शांतता झाली. आता तिनं नाव घ्यायचं होतं.

किनुए पुढे झाली आणि स्पष्ट म्हणाली, "अबिको."

होशिनानं तिच्याकडे बघितलं आणि नजर पाण्याकडे वळवली. सेन्सेईंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग त्यांचे डोळे भरून आले.

"ऐकलंत?" ते लोकांना म्हणाले. "एका शब्दाची दुरुस्ती, तर ही बाई अख्खी कविता गुरूच्या पदरात घालते. शुझो-सान नशीबवान माणूस."

टाळ्या वाजल्या. उपमहापौरांनी कमरेतून वाकून तिला नमस्कार केला. किनुएला काही बोलायचं होतं, पण कुणीतरी तिच्या हातात सुपाची वाटी दिली आणि माणसं फोटोसाठी तिच्याभोवती गोळा झाली.

दुपारी मिसातोचा निरोप आला. फलकाचा फोटो तिला कुणीतरी पाठवला होता. तिनं लिहिलं होतं: आई, वाचून रडले. मुलांना सांगितलं, आजी रोज सकाळी गरम भात घेऊन आजोबांची वाट बघायची. आपल्या घरात किती प्रेम होतं.

किनुएनं ते तीनदा वाचलं. तो भात खाल्लेलं तिच्याशिवाय जगात आता एकच माणूस उरलं होतं.

तिनं टॅब्लेट उघडला. हंस झाकले, पावलं झाकली, बोरू झाकले, बर्फ झाकला. खाली टेबल होतं तसंच होतं. तीन वाट्या, आणि दप्तर पाठीला लावून हनुवटी टेकवलेली मुलगी. एक शब्दही न लिहिता तिनं ते मिसातोला पाठवलं. चित्र पाहिल्याची खूण लगेच उमटली. मग बराच वेळ काही आलं नाही. किनुए टेबलाशी बसून होती, हात मांडीवर.

उत्तर आलं. 'किती सुंदर! ही मीच ना? फक्त भातावर वाफ काढायची राहिली आई.'

किनुएनं चष्मा लावला आणि एका बोटानं सावकाश लिहिलं, 'आभारी आहे. खूप शिकले.'