गरीची गांडुळं

चामोर्शीच्या आठवडी बाजारातल्या गांडूळवाल्याने मला फसवलं. मासे पकडायला गरीला टोचतात ती धानाच्या बांधीतली गांडुळं त्याने मला खताची म्हणून विकली.

मी त्याच बाजारात स्टीलची भांडी विकतो. जमिनीवर पोतं अंथरून सुरुवात केली होती, आज माल न्यायला स्वतःची गाडी आहे. बाजारात बसणारे आपसात घासाघीस करतात, शिव्याही देतात, पण एकमेकांना खोटा माल देत नाहीत. गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी.

घरातला ओला कचरा रोज घंटागाडीत टाकताना माझा जीव जळतो. फुकट जाणारी वस्तू मला पाहवत नाही. ड्रममध्ये त्याचं गांडूळखत करून गच्चीवर वांगी लावायची ठरवली. पण चंद्रपूरच्या आमच्या घरामागची जागा वहिनीच्या ताब्यात. तिने कडुनिंबाखालचा कोपरा दिला, तोही अटीवर. “वास आला तर ड्रम उचला भाऊजी. मंग मले समजावत बसू नका.”

म्हणून मी गांडूळवाल्याला साफ विचारलं, “हे भाजीच्या साली खातीन का?”

“खातीन ना. काऊन नाई खातीन?”

“ड्रमात राहतीन?”

“जावयासारखे राहतीन.”

मी भाव पाडला, वरून एक मूठ मागितली. त्याने हसत बादलीतून दोन टाकल्या.

ड्रममध्ये शेण, वाळलेला पाला, साली, वर ओलं पोतं, सगळं नीट केलं. खताचं गांडूळ लाल, बारीक. कचऱ्यातच, वरच्या थरात राहतं. बांधीतलं जाड गांडूळ माती खातं आणि खोल जातं. ड्रमात खोल कुठे जाणार? काही बाहेर पडून वाळली, बाकीची आतच सडली. वास स्वयंपाकघरापर्यंत गेला. वहिनीने ड्रम गल्लीत लोटला आणि त्या कोपऱ्यात कपडे वाळवायची दोरी बांधली.

पुढच्या बाजारी पाहतो तर हातात गरी घेतलेले दोघे त्याच बादलीतून गांडुळं घेत होते. मी तिथेच त्याला धरलं.

“तुमीन गांडुळं मांगतले, मीनं देले,” तो म्हणाला.

“साली खातीन म्हणला होता.”

“सालीची माती झाली का खातेतच ना, भाऊ.”

गरीवाले हसले. माझ्या शेजारचा मिरचीवालाही हसला. वर गांडूळवाला म्हणतो, दुसरी घेऊन जा, त्याच बादलीतली.

घरी वहिनी म्हणते, भाऊजींना भांड्यांपलीकडे काही जमत नाही. आता कोपरा मागायला तोंड उघडलं की ती दोरीकडे बोट दाखवते. हे ऐकून घ्यायचं मी, आणि तो तिकडे बादली मांडून मजेत?

मला दुसरी गांडुळं नकोत. त्याने चंद्रपूरला यावं, वहिनीसमोर उभं राहावं आणि सांगावं की वास माझ्या हातून आला की त्याच्या बादलीतून. मी प्रत्येक बाजारी त्याच्यासमोर उभा राहून, गिऱ्हाइकांच्या देखत हेच विचारणार आहे: माझा कोपरा गेला, त्याचा जबाब कधी देतोस?