करवंदीची जाळी राबात गेली

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

सकाळी बँकेच्या कामाला आसनगावला गेले होते. दुपारी सापगावला घरी आले, तर अंगणाच्या कडेची माझी करवंदीची जाळी गायब! नुसते खुंट उरलेले. शेजारी राहणारे माझे चुलत सासरे, म्हणजे आमचे काका, फांद्यांचा भारा बांधत होते. राबासाठी. भाताची रोपं करायची जमीन भाजायला फांद्या, पाला लागतोच. मीही शेतकऱ्याची लेक आहे, राबाला माझा विरोध नाही.

पण ही जाळी मी डोळखांबच्या करवंदांच्या बिया रुजवून वाढवली होती. पहिलं वर्ष पाणी घातलं. पुढचे चार उन्हाळे थेंबभरही नाही, तरी हिरवीगार. यंदा पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या.

"काका, विचारायचं तरी!" मी ओरडलेच.

"अगो, करवंदी कोण लावतं? ती रानातली, आपोआप येते. तुझ्या त्या रंगीत झाडांना मी कोयता लावला का? लावला नाय. ती विकतची ना!"

रंगीत झाडं म्हणजे कुंडीतले क्रोटन. एक दिवस पाणी चुकलं की माना टाकतात. त्यांच्या पानालाही धक्का नाही.

मी क्रोटनला लटकलेली नर्सरीची नाव-किमतीची पट्टी सोडली आणि काकांसमोर करवंदीच्या खुंटाला बांधली. करवंदी फुटेल पुन्हा. आता बघते कोण कोयता लावतं.

आणि तुम्ही खरं सांगा, आपोआप उगवलं म्हणून आजवर काय काय तोडलंत?